अर्थ न विचारणारी आत्या

बारशात आत्याचा मान मोठा. बाळाच्या कानात नाव ती सांगणार, 'कुर्रर्र' ती करणार आणि भोवतीच्या बायका धपाधप तिच्याच पाठीत मारणार. मान आहे तो मार खाण्याचा. आमच्या सास्तुरात त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पहिलं बाळ जन्मलं, तेव्हा त्याच्या बापाला बहीण उरली नव्हती. चुलतबहीणही नव्हती. पत्र्याच्या शेडमध्ये लुगड्याचा पाळणा बांधला होता, बायका जमल्या होत्या आणि कानात नाव कुणी सांगायचं म्हणून सगळ्या एकमेकींकडं बघत गप्प बसल्या होत्या. तेवढ्यात कोपऱ्यातून एक बाई उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "म्या हाय की आत्या. सरका."

ते बाळ तिचं कुणी लागत नव्हतं. तिचं स्वतःचं घर तर सगळंच गेलेलं होतं, नवरा आणि मुलगा दोघंही. बायकांना कळेना, हिला अडवावं की पुढं जाऊ द्यावं. ती मात्र पाळण्यापाशी वाकली, नाव सांगितलं आणि पाठीवर एकही हात पडेना तेव्हा वळून ओरडली, "मारा की गं! मेली न्हाय म्या."

त्या दिवसापासून ती गावाची आत्या झाली. तिचं खरं नाव मला माहीत आहे, पण ते इथं लिहिलं तर मी कुणा परक्या बाईबद्दल लिहितोय असं मलाच वाटेल. समोर आम्ही तिला 'आत्या, तुमी' असंच म्हणायचो. आठवताना मात्र ती 'ती' होते. तिला जाऊन काही वर्षं झाली, मी धाराशिवला नोकरीला येऊन त्याहून जास्त वर्षं झाली, तरी कुठल्याही बारशाचं आमंत्रण आलं की मला आधी तीच आठवते. जेवणाच्या पंगतीतही माझं लक्ष दाराकडं असतं.

अंगानं काटक, उंच, आणि आवाज असा की नव्या गावठाणाच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाला कळावं. नाव ठेवण्याबद्दल तिचं एकच मत होतं आणि ते ती कुणालाही, न विचारता, ऐकवायची. "नाव म्हंजी हाक. दुसरं काय बी नसतंय त्येच्यात." लोक ठरवलेलं नाव घेऊन तिच्याकडं यायचे. ती ते नाव घेऊन पाण्याच्या टाकीपाशी जायची, शिडीच्या थोड्या पायऱ्या चढायची आणि गावाकडं तोंड करून, अजून ज्याचं बारसंही झालं नाही अशा पोराला हाक मारायची. एकदा लाडानं. एकदा रागानं. कुत्री भुंकायला लागायची. कधी कधी त्याच नावाची जुनी पोरं खेळ टाकून 'ओ' देत टाकीकडं पळत यायची आणि शिव्या खाऊन परत जायची. गावात एका वर्षी आदित्य इतके झाले की तिनं नव्या आदित्यला सरळ नकार दिला. "निम्मं गाव पळत येतंय. दुसरं आना."

आणि नावाचा अर्थ कुणी सांगायला लागला की तिचं डोकं फिरायचं. त्या बाबतीत ती कुणाचीच भीड ठेवायची नाही. आमच्याच गल्लीतला एक जण, बँकेत लागलेला, पहिल्या मुलाचं नाव मोबाईलमध्ये शोधून घेऊन आला. अद्वैत. त्यानं उभ्या उभ्या अर्थ सांगायला सुरुवात केली, मूळ संस्कृत, दोन नाही ते, जीव आणि शिव वेगळे नाहीत, वगैरे. आत्या तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"ऊट. त्या बाभळीपाशी जा."

"कशाला, आत्या?"

"जा म्हन्ते न्हवं. आता बैल सुटलाय आन् तुजं लेकरू वाटंत हुबं हाय. मार हाक."

बिचारा बँकवाला बाभळीपाशी उभा राहून म्हणाला, "अद्वैत! ए अद्वैत!"

"तवर बैल लेकराला तुडवून फुडं बी गेला," आत्या म्हणाली आणि परत शेंगा सोलायला लागली. "अर्थ काय भाकरीसंगं खायचाय व्हय? सोपं नाव ठिव."

त्यानं नाव अद्वैतच ठेवलं. घरात त्याला अद्दू म्हणतात. आत्यानं बारशाला जाऊन कानात 'अद्वैत' अगदी नीट, एकेक अक्षर वेगळं करत सांगितलं, कारण लोकांनी ठरवलेलं नाव तिनं कधी बदललं नाही. भांडायची सगळ्यांशी, पण शेवटी त्यांचंच नाव सांगायची.

पुढं पुढं तिचं नाव बाहेरच्या गावांतही गेलं. ज्यांना आत्या नाही ते मोटरसायकल घेऊन तिला न्यायला यायचे. ती मागं एका अंगाला बसायची, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत गुळाची ढेप. एकदा मुरुमला एका व्यापाऱ्याच्या घरचं बारसं होतं, मीच तिला घेऊन गेलो होतो. हॉल घेतलेला. फुगे, पडदा, पडद्यामागं बाळाच्या नावाचा मोठा बॅनर. बटण दाबलं की पडदा सरकायचा आणि वरून चमकी पडायची. सगळी मंडळी कानडीत आणि मराठीत एकदमच बोलत होती. आत्यानं हे सगळं नीट बघून घेतलं आणि घरच्या बाईला विचारलं, "नाव पडद्यातनं निगनार, मंग माजं काय काम? त्या बॅनरच्याच पाटीत मारा की." ती बाई हसून हसून खाली बसली. शेवटी पडदा नंतर सरकवायचा, आधी आत्यानं सांगायचं, असं ठरलं. कुणीतरी उत्साहानं तिच्या तोंडापुढं माईक धरला. तिनं त्यात असं काही 'कुर्रर्र' केलं की स्वयंपाकी बाहेर आले.

आता त्या गुळाबद्दल सांगायला हवं.

आमच्याकडं बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंटा घालतात. त्याला कुंची घालतात, काजळ लावतात, आणि दोन बाजूंना दोन बायका उभ्या राहून 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत तो पाळण्याखालून आणि पाळण्यावरून एकमेकींच्या हातात देतात. बाळ दगडासारखं घट्ट व्हावं म्हणून. घराघरात चालतं ते. पण आत्या ज्या बारशाला असेल तिथं वरवंटा पाळण्याजवळ येऊ द्यायची नाही. आधीच कुणी कुंची घालून तयार ठेवला असला तर ती तो उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवायची आणि पिशवीतली ढेप काढून तिला कुंची घालायची. गोविंद गूळ, गोपाळ गूळ. म्हाताऱ्या बायका कुरकुरायच्या. मुंग्या लागतात म्हणायच्या. ती म्हणायची, "लागू दे. गोड तरी हाय." बारसं झालं की तीच ढेप फोडून घुगऱ्यांबरोबर सगळ्यांना वाटायची, आणि आम्हा पोरांना बारशाचं आमंत्रण म्हणजे गुळाचा खडा एवढंच कळायचं.

मला त्यातली विसंगती कधी दिसली नाही. जी बाई नावाला अर्थ नसतो म्हणून जगाशी भांडते, तीच पाळण्यात दगड नको म्हणते. मोठा झाल्यावरही दिसली नाही. ती तशीच आहे, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

मग एक दिवस असा आला. मी तेव्हा लातूरला कॉलेजात होतो आणि सुट्टीला गावी आलो होतो. आमच्या शेजारणीचा मुलगा धोंडिराम दहावीला बसणार होता. तिच्या मनात आलं की बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी त्याचं नाव बदलावं. आमच्या ओट्यावर बायका बसलेल्या, आत्याही होती. शेजारीण सहज म्हणाली, "धोंडिराम म्हंजी धोंडा. ज्या धोंड्यांनी सारं गाव खाल्लं त्येच नाव लेकराला कशाला ठिवायचं? चांगल्या अर्थाचं बगू एकादं."

आत्या एकदम उभी राहिली. तिला इतकं संतापलेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि तिला संतापलेलं मी बरेचदा बघितलं होतं.

"काय खाल्लं? कुनी खाल्लं? घरं मातीत बांदली हुती, भिताडं जाड हुती, म्हून पडली. नावानं काय हुतंय? तुजा धोंडिराम ढिगाऱ्यातनं जित्ता निगाला का न्हाय? मंग! नाव बदललंस तर म्या तुज्या दारात पाय ठिवनार न्हाय. नावात काय बी नसतंय! काय बी नसतंय!"

आणि ती निघून गेली. चप्पल आमच्या ओट्याखालीच राहिली.

शेजारीण रडवेली झाली. मी आईला म्हणालो, एवढं काय चिडण्यासारखं होतं? आईनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "दगडूला इसरलास व्हय रं?" ती म्हणाली.

दगडू आत्याचा मुलगा. माझ्या वर्गात होता, माझ्या शेजारी बसायचा. मी त्याला विसरलो नव्हतो, पण त्याचं नाव हे एक नाव आहे, त्याला अर्थ आहे, हे माझ्या मनातून केव्हाच गेलं होतं. तो दगडू होता, बस्स. आईनं मग सगळं सांगितलं. आत्याची आधीची लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरा मुलगा झाला तेव्हा तिनं त्याचं नाव आपल्याकडं अशा वेळी ठेवतात तसं ठेवलं, कुणाची दृष्ट लागू नये, कुणाला तो हवासा वाटू नये म्हणून. दगडू. नाव तिनं स्वतः निवडलं होतं. भूकंपाच्या पहाटे म्हैस व्यायला आली म्हणून ती उठून अंगणात गेली होती. आत बाप-लेक झोपले होते आणि दगडाची भिंत आत पडली. आमचं घर शेतात वस्तीला होतं म्हणून आम्ही वाचलो. शेडमध्ये तिला भेटायला आलेल्यांत एक पाहुणी होती, लांबची. तिनं गळा काढून म्हटलं, "बाई गं, दगडू ठिवलंस आन् दगडानंच न्हेला की गं तुजा."

"त्या दिसापासून तिचं हे आसं हाय," आई म्हणाली.

एवढंच. पण मग मला सगळं दिसलं. टाकी, बाभूळ, गूळ, सगळं. नावाला अर्थ असतो हे खरं ठरलं असतं, तर आपल्या मुलाला काय झालं याचं उत्तर तिला स्वतःला द्यावं लागलं असतं. म्हणून ती जगभराच्या बापांना बाभळीपाशी उभं करत होती. त्या संध्याकाळी मी तिची चप्पल तिच्या घरी नेऊन दिली. तिनं मला दारात थांबवलं, चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. हे ती नेहमीच करायची, मी कॉलेजातून आलो की प्रत्येक वेळी. "उच झालास," म्हणायची. "मिसरूड चांगलं आलंय." तोवर मला वाटायचं, आत्याचा जीव आहे माझ्यावर. होताच. पण त्या दिवशी मला कळलं की ती माझ्यावरून दुसऱ्या कुणाची तरी उंची धरते आहे. मी शक्य तेवढा ताठ उभा राहिलो.

धोंडिरामचं नाव धोंडिरामच राहिलं. लोहाऱ्याला त्याचं टायरचं दुकान आहे, पाटीवर मोठ्या अक्षरात नाव आहे. जाता-येता मी ते वाचतो.

मला मुलगी झाली तेव्हा आत्या थकली होती. मला बहीण नाही, त्यामुळं बारसं गावातच आणि आत्या तीच, यात प्रश्नच नव्हता. बायको तामलवाडीची, शेतकऱ्याची लेक, तिनं नाव काढलं अवनी. मला आवडलं. अर्थ ती मोठ्या कौतुकानं सांगायची: पृथ्वी, भूमी, आपली जमीन. मी जरा चाचरलो. तिला म्हणालो, आत्यापुढं अर्थ काढू नकोस, त्यांना आवडत नाही. मनातून मी निर्धास्त होतो, कारण इतक्या वर्षांत आत्यानं एकाही नावाचा अर्थ कुणाला विचारला नव्हता.

टाकीपर्यंत जाणं आता तिला होत नव्हतं. आमच्या ओट्यावरूनच तिनं हाक मारली, "अवनेऽऽ", आणि मान हलवली. "लांब जातंय. चांगलं हाय." पिशवीतून ढेप निघाली, गोविंद झाला, गोपाळ झाला. मग ती पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं. बायकांनी हात उगारले.

आणि ती बोलेना. वाकलेलीच राहिली. बायका हात वर धरून थांबलेल्या, पाळण्याचा हलका आवाज फक्त. मग तिनं मान वळवून मला बोटानं जवळ बोलावलं. मी बायकांमधून वाट काढत गेलो. तिनं अगदी हळू विचारलं, इतक्या हळू की तिचा आवाज एवढा लहान होतो हे मला माहीतच नव्हतं.

"काय रं बापू, ह्या नावाचा अर्थ काय हाय?"

बायको पलीकडं उभी होती, तिला ऐकू गेलं होतं, आणि ती हसून सांगणारच होती. त्या बाईला मी काय सांगणार होतो? जमीन? जी हलली ती? मी बायकोच्या आधी बोललो.

"लई वर्सं जगनारी, आत्या."

तिनं माझ्याकडं बघितलं.

"कुटं लिवलंय आसं?"

"पुस्तकात हाय."

"बरं," ती म्हणाली. "मंग आसंच सांगत जा तिला. थोर झाली तरी आसंच सांग."

आणि तिनं बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगितलं. पाठीवर हात पडायला लागले. ती उठली नाही. पाळण्याची कड धरून वाकलेलीच राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. बायकांना वाटलं म्हातारीला लागलं, त्यांनी मारणं थांबवलं. "थांबू नगा," ती खालूनच म्हणाली. "मारा की गं."

रात्री बायकोनं मला कारण विचारलं नाही, मीच सांगितलं. ती पुष्कळ वेळ लेकीच्या पायाला तेल लावत बसली. त्यानंतर आमच्या घरात अवनी या शब्दाचा अर्थ एकच. पोरगी बोलायला लागली आणि कुणी विचारलं की ती ठणकावून सांगायची: खूप खूप वर्षं जगणारी. आत्या धाराशिवला दवाखान्यात होती तेव्हा आम्ही लेकीला घेऊन गेलो होतो. तिथंही तिनं ते खाटेशी उभं राहून सांगितलं. आत्याच्या तोंडाला नळी होती, हसता येत नव्हतं, पण ती हसली. ते आमचं शेवटचं भेटणं. खरं सांगायचं तर माणसं जातात आणि आपण त्यांच्यावाचून राहायला शिकतो, हे मला आत्याच्या बाबतीत अजून जमलेलं नाही. अजून कुणी माझी उंची बघावी असं वाटतं. चाळिशीच्या माणसाला हे शोभत नाही, तरी वाटतं.

या वर्षी अवनी तिसरीत आहे. परवा शाळेतून आली ती तोंड फुगवून. दप्तर टाकलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, आज समानार्थी शब्द होते. बाई म्हणाल्या, अवनी म्हणजे पृथ्वी. मी म्हणाले, नाही, खूप वर्षं जगणारी. सगळे हसले."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. कधीतरी हे होणार हे आम्हाला माहीत होतं.

"बाई बरोबर म्हणाल्या," मी म्हणालो. "पेपरात पृथ्वी लिही."

"मग तुम्ही मला वेगळं का सांगितलं?"

मी तिला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. आठ वर्षांच्या पोरीला सांगता येईल तेवढं. भिंत, दगडू, ती पाहुणी, वरवंटा, आणि पाळण्यावर वाकून आत्यानं विचारलेला प्रश्न. शेवटी बराच विचार करून म्हणाली, "मग आत्याआजीनं दगडूला पण असं दुसरं काहीतरी चांगलं सांगायचं ना, त्याच्या नावाचा अर्थ म्हणून."

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "वर्गात पोरं चिडवायला लागली की तो बाकावर उभा राहायचा आणि सगळ्यांना ओरडून सांगायचा: माजी आई म्हन्ती, दगडू म्हंजी टिकनारा."